टेबलाची मोजणी

प्रणिता खुटवडचं मन कामावरून हललं की तिचं टेबल एक वीत मागे सरकायचं. दर वेळी एकच वीत, आणि एकदा सरकलेलं टेबल पुन्हा पुढे येत नसे. मागची भिंतही त्याच्याबरोबर मागे जायची, त्यामुळे ते कशाला अडायचंही नाही. मधली जागा त्याच पिवळट फरशीने भरून निघायची. नव्या फरशीवर चहाचे जुने डाग आधीच पडलेले असायचे.

तालुक्याच्या मोजणी कार्यालयात ती नक्कल कारकून होती. लोकांना आपापल्या जमिनीच्या नकाशाची नक्कल लागते. ती जुन्या नकाशावरून काढायची, ताडून बघायची, शिक्का मारून द्यायची, एवढंच काम. हॉल पहिल्या मजल्यावर. दाराशी हजेरीपट, दाराला लागून साहेबांची केबिन, मग सगळ्यांची टेबलं आणि शेवटी, भिंतीपाशी, प्रणिताचं. रुजू झाली त्या दिवशी दारापासून तिच्या टेबलापर्यंत वीस पावलं होती. तिनेच मोजली होती. मोजायचं काही कारण नव्हतं, म्हणून मोजली होती.

पहिल्यांदा टेबल सरकलं ते नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, श्रावणात. ती एका शेताची नक्कल काढत होती आणि खाली रस्त्यावरून प्लॅस्टिकच्या खुर्च्या विकणारा टेम्पो ओरडत गेला. एकात एक घातलेल्या खुर्च्या उन्हात फुगल्या तर सुटतात कशा, असा विचार तिच्या मनात आला. भानावर आली तेव्हा पेनाचं टोक हवेत होतं आणि कागद एक वीत पलीकडे. तिने खुर्ची ओढून पुढे घेतली आणि काम सुरू केलं. त्या दिवशी तिने सदतीस वेळा खुर्ची ओढली.

शेजारच्या टेबलावर मंदाताई गोंजारी बसायच्या. सव्वीस वर्षं याच खात्यात काढलेली बाई, मनाने सोन्यासारखी, डब्यात रोज खोबऱ्याची चटणी आणून अर्धी प्रणिताच्या पोळीवर वाढणारी. त्यांनी खुर्चीचा आवाज ऐकला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"सरकलं होय गं?"

"हो ना मंदाताई. मन जरा इकडेतिकडे गेलं की सरकतं."

"होतं गं असं. माझंही मागे एकदा दोन बोटं सरकलं होतं. सगळ्यांचंच सरकतं. त्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

मंदाताईंचं टेबल सव्वीस वर्षांत तसूभरही हललं नव्हतं. त्याच्या पायांखाली फरशी झिजून चार खळगे पडले होते. पण हे त्या खोटं बोलत नव्हत्या बरं का. त्यांना खरंच वाटत होतं की आपलं आणि हिचं एकच. आणि नेमकं तिथेच प्रणिताचं तोंड बंद व्हायचं, कारण इतक्या मायेने बोलणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं?

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं रात्री बदाम भिजत घाल. कुणी म्हणालं डायरी ठेव. तिच्याकडे अकरा डायऱ्या होत्या, प्रत्येकीची पहिली चार पानं भरलेली. मंदाताईंनी तर फायली बांधायची लाल नाडी आणली आणि प्रणिताच्या टेबलाचा पाय स्वतःच्या टेबलाच्या पायाला घट्ट बांधून टाकला. "आता जातंय कुठं बघू!" म्हणाल्या. दुपारपर्यंत नाडी ताणून तारेसारखी झाली आणि पाऊण वाजता तुटली.

आता हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण नोव्हेंबरच्या तीस तारखेला प्रणिताची परिविक्षा संपत होती. दोन वर्षांचं काम बघून साहेब लिहिणार होते, हिला कायम करा, नाहीतर घरी पाठवा. ही तिची तिसरी नोकरी. आधीच्या दोन्ही ठिकाणी गोड बोलून काढलं होतं. हुशार आहेस गं, पण लक्ष नाही, असं दोन्ही ठिकाणी म्हणाले होते, अगदी त्याच शब्दांत. ही नोकरी गेली तर वयाच्या छत्तिसाव्या वर्षी चौथी कुठून आणायची, हा विचार करण्यातही टेबल एक वीत मागे जायचं.

सप्टेंबरात ती जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी दोन तास प्रश्न विचारले, शाळेतली प्रगतिपुस्तकंसुद्धा बघितली आणि सांगितलं, "एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही. लहानपणापासूनच असणार. हा आळस नाही आणि बेफिकिरीही नाही. मेंदूची ठेवणच तशी आहे." प्रणिता परतीच्या रिक्षात हुंदके देऊन रडली. रिक्षावाल्याला वाटलं कुणी गेलं. तिला मात्र आयुष्यात पहिल्यांदा इतकं हलकं वाटत होतं. इतकी वर्षं ती स्वतःला वाईट बाई समजत आली होती.

डॉक्टरीणबाईंनी दाखल्यावर तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या. एक, हिला एका वेळी एकच काम द्यावं आणि ते लिहून द्यावं. दोन, वर्दळीपासून लांब, शांत जागी बसवावं. तीन, मधूनमधून पाय मोकळे करू द्यावेत. बास, एवढंच. मोटार मागितली नव्हती की बंगला मागितला नव्हता.

दाखला घेऊन ती उपअधीक्षक कुरणे साहेबांच्या केबिनमध्ये गेली. कुरणे साहेब भला माणूस. कुणावर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांनी दाखला दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला.

"बसा, खुटवड मॅडम. पाणी घ्या. आम्ही समजून घेतो बरं का. आपलं ऑफिस म्हणजे एक कुटुंब आहे."

"साहेब, तीनच गोष्टी आहेत. तेवढ्या झाल्या तर टेबल थांबेल असं डॉक्टर म्हणाल्या."

"होतील की. का नाही होणार? पण टेबल किती सरकलंय हे कागदावर नको का? उद्या वरून कुणी विचारलं तर मी काय दाखवू? आपलं खातंच मोजणीचं. रीतसर मोजणीचा अर्ज करा. मोजणी झाली की मी लगेच आदेश काढतो."

प्रणिताचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी नाही म्हटलं नव्हतं. ती बाहेर आली तर टेबल दोनशे पावलांवर गेलेलं होतं, पण तिने मनावर घेतलं नाही.

मोजणीचा अर्ज कसा असतो हे ज्यांनी भरलाय त्यांना ठाऊक आहे. सात पानं. अर्जदाराचं नाव, जागेचं वर्णन, मग चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला काय, उत्तरेला काय. मग लगतधारक, म्हणजे जागेला लागून कुणाकुणाची हद्द आहे त्या सगळ्यांची नावं आणि घरचे पत्ते. जिचं मन सात ओळींत सात ठिकाणी जातं तिने सात पानं भरायची होती.

पहिला अर्ज परत आला. दक्षिण राहिली होती. दुसरा परत आला, सही नव्हती. तिसऱ्याला सगळं होतं, फक्त दाखला जोडलेला नव्हता. तो चार दिवसांनी डब्याच्या पिशवीत सापडला, तेलाने पारदर्शक झालेला. ती नवीन दाखला घेऊन आली आणि पुन्हा केबिनमध्ये गेली.

"साहेब, मी तोंडाने सांगते, कुणीतरी लिहून घेईल का? मला हेच तर जमत नाही. ह्याचसाठी तर अर्ज आहे."

कुरणे साहेबांना खरोखर वाईट वाटलं. ते डोळ्यांतही दिसत होतं. "मॅडम, माझ्या हातात असतं तर मीच भरला असता. पण अर्जदाराने स्वहस्ते भरायचा असतो. तुम्ही शांतपणे भरा. घाई नाही."

घाई कशी नव्हती? ऑक्टोबर निम्मा सरला होता. आता सकाळी हजेरीपटावर सही करून प्रणिता डबा, पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन टेबलाकडे निघायची. वाट सरळ होती, पंधरा मिनिटांची. पण चालताना माणसाच्या मनात काहीतरी येणारच. ती पावलं मोठ्याने मोजत चालायची, एक, दोन, तीन. तीनशेच्या आसपास तिला आठवायचं की गॅस बंद केला की नाही, आणि लांबवर टेबल एक वीत मागे जाताना दिसायचं. मग त्याचं वाईट वाटायचं आणि ते आणखी एक वीत जायचं. कधी पोचायला साडेअकरा व्हायचे, कधी बारा.

फायली तिच्याकडे शिपाई सायकलवरून आणून टाकायचा. दाराशी नक्कल मागायला आलेली माणसं हाका मारायची, "ओ बाई, झाली का?" ती "होतेय!" म्हणून ओरडायची. ते त्यांना ऐकू जायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत मंदाताईंच्या टेबलाभोवती सगळे डबे उघडून बसायचे. एवढ्या लांबून त्यांचं हसू तेवढं ऐकू यायचं, कशावर हसले ते कळायचं नाही. प्रणिता एकटी जेवायची. चटणी मिळायची बंद झाली होती, कारण तिथपर्यंत जाऊन यायला सुट्टी पुरायची नाही. तिला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं, शाळेत वर्गाबाहेर उभं केलं होतं तेव्हासुद्धा नाही.

चौथा अर्ज मंजूर झाला. मोजणीची तारीख पडली अठ्ठावीस नोव्हेंबर.

आता मोजणी म्हटली की लगतधारकांना पंधरा दिवस आधी नोटीस जाते. ही खात्याची पद्धत, ब्रह्मदेव आला तरी चुकायची नाही. प्रणिताने अर्जात प्रामाणिकपणे लिहिलं होतं, पूर्वेस श्रीमती मंदा गोंजारी यांचे टेबल. म्हणून खात्याने, म्हणजे त्याच हॉलमधल्या आवकजावक टेबलाने, मंदाताईंच्या घरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. नोटिशीवर छापील मजकूर असतो, आपल्या हद्दीलगत मोजणी होणार असून हरकत असल्यास समक्ष हजर राहावे.

नोटीस पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मंदाताई त्या अफाट फरशीवरून तरातरा चालत प्रणिताच्या टेबलापाशी आल्या. त्यांना बिचाऱ्यांना वीस मिनिटं लागली. धाप लागली होती.

"मला नोटीस पाठवलीस? मला?"

"मंदाताई, अहो, ती पद्धतच आहे. तुम्हाला माहीत आहे की. तुम्हीच हजारो काढल्यात."

"दुसऱ्याला काढणं वेगळं. पोस्टमन दारात आला, माझ्या सासऱ्यांनी हाय खाल्ली. गोंजाऱ्यांच्या घरात चार पिढ्यांत हद्दीचं भांडण नाही. मला नुसतं म्हणाली असतीस तर मी टेबल हातभर पलीकडे घेतलं असतं. माझी चटणी खाल्लीस आणि मलाच नोटीस?"

"मला तुमच्या हद्दीतलं काही नको आहे हो," प्रणिता म्हणाली. "मला फक्त माझ्या टेबलाशी बसायचंय."

मंदाताईंनी नोटीस घडी घालून ब्लाऊजात खोचली आणि वळल्या. त्यांची पाठ लहान लहान होत जाताना प्रणिता बघत राहिली. तेवढ्यात टेबल नऊ वीत गेलं.

अठ्ठावीस तारखेला सकाळी मोजणीदार भिवटे आले. वाळकुडा, शिस्तीचा माणूस, तोंडात सदा लवंग. जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांतून त्यांनी टेपा मागवल्या होत्या, तीस मीटरची एक अशा चाळीस. एक संपली की तिला दुसरी जोडायची. दाराशी खुर्च्या मांडल्या गेल्या. चहा झाला. कुरणे साहेब येऊन बसले, मंदाताईही बसल्या, मोरपंखी साडीत, जरा लांब.

भिवट्यांनी टेपेचं पहिलं टोक प्रणिताच्या हातात दिलं.

"शून्य अर्जदाराने धरायचं असतं. इथे, हजेरीपटापाशी. पाय हलले तरी हरकत नाही, मन हलवू नका. मन हललं की टेबल हलणार आणि माझं माप बाद. मग नवीन अर्ज, नवीन तारीख."

"किती वेळ?"

"दीड तास धरा."

भिवटे शिपायाची सायकल घेऊन टेप सोडत निघाले. प्रणिताने टोक दोन्ही हातांनी धरलं आणि त्यावरच्या शून्याकडे डोळे लावले. पंखा घरघरत होता. केबिनमधला फोन वाजला आणि कुणी उचलला नाही. शिपायाने कपबश्या गोळा केल्या. एक गांधीलमाशी आली, तिच्या कानाभोवती फिरली, कपाळावर बसली, उठली. मागे कुणीतरी कुणाच्या तरी लग्नाचं सांगायला लागलं आणि नेमकं नवरदेवाचं नाव सांगायच्या आधी थांबलं. प्रणिताने मन हलू दिलं नाही. जबडा आवळून दात दुखायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पाठ घामाने भिजली. जन्मात कधी तिने असा दीड तास काढला नव्हता. पण काढला. टेबल इंचभरही हललं नाही.

लांबून भिवट्यांनी हात वर केला. झालं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रणिताला आतून इतका आनंद झाला की काय सांगावं. आता यांनी बघितलं, तिला वाटलं. आता यांना कळेल की मला हे किती जड जातं.

"बघ!" मंदाताई पुढे आल्या. राग विसरून त्यांनी प्रणिताच्या गालावरून हात फिरवला. "मनात आणलं की जमतं की गं तुला! उगाच दाखले कशाला आणायचे?"

"हेच रोज करायचं मॅडम," कुरणे साहेब प्रेमाने म्हणाले. "बस. दुसरं काही नाही."

टेपेचं टोक प्रणिताच्या हातात तसंच होतं.

भिवटे सायकलवरून परत आले. टेपेचं दुसरं टोक त्यांनी टेबलाच्या पायाला लाल नाडीने बांधून ठेवलं होतं, मंदाताईंनीच दिली होती ती नाडी. त्यांनी खिडकीच्या कठड्यावर कागद पसरला आणि नकाशा काढला. काळ्या शाईच्या रेषा, इतक्या नीटस की बघत राहावं. अडतीस टेपा भरल्या होत्या.

"आता स्थिर बिंदू ठरवायचा," भिवटे म्हणाले. "मोजणीत एक तरी वस्तू न हलणारी धरावी लागते. त्याशिवाय बाकीचं कशाच्या आधारे मांडणार?"

"दार धरा ना," प्रणिता म्हणाली. "दार हललेलं नाही."

"दार इमारतीचं. इमारत भाड्याची. टेबल मात्र खात्याचं आहे. वस्तूंच्या यादीत त्याचा नंबर आहे, जागा लिहिलेली आहे. खात्याची वस्तू जागा सोडत नाही." भिवट्यांनी टेबलाभोवती बारीक गोल काढला. "टेबल स्थिर."

"मग अडतीस टेपा कोण हललं?"

भिवट्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "जो शून्य धरून उभा आहे तो."

नकाशात टेबलाशेजारी मंदाताईंचं टेबल होतं, केबिन होती, हजेरीपट होता, सगळ्यांच्या खुर्च्या होत्या. आणि कागदाच्या पार दुसऱ्या कडेला, एकटा, एक ठिपका.

"साहेब," प्रणिता म्हणाली, "मी तर तुमच्याजवळच उभी आहे. हात लावून बघा."

कुरणे साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. ते अवघडले होते. "दिसतंय मला मॅडम. पण आपल्या खात्यात नकाशा चुकत नाही." त्यांनी सही केली.

सही वाळली तशी जागा नकाशाप्रमाणे झाली. आवाज वगैरे काही झाला नाही. कुरणे साहेब, मंदाताई, भिवटे, खुर्च्या, केबिन, हजेरीपट आणि खाली रस्त्यावर उतरणारा जिना, सगळं त्या टोकाला, तिच्या टेबलाभोवती होतं. प्रणिता या टोकाला होती. तिच्या समोर पिवळट फरशी आणि फरशीवरून जाणारी टेप. मागे हातभर अंतरावर एक कोरी भिंत.

अर्ध्या तासाने शिपाई सायकलवर आला. कॅरिअरला चार हद्दीचे दगड होते. ते त्याने तिच्या चारी बाजूंना फरशीत रोवले, कपाळावरचा घाम पुसला आणि तिला एक लिफाफा दिला.

"साहेबांनी दिलाय. चांगली बातमी आहे म्हणाले."

आदेश एका पानाचा होता, साहेबांच्या सहीचा. श्रीमती खुटवड यांच्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून त्यांच्या तिन्ही मागण्या मान्य करण्यात येत आहेत. एक, त्यांना वर्दळीपासून लांब, शांत जागा देण्यात आली आहे. दोन, दगडांच्या आत त्यांनी हवे तेव्हा पाय मोकळे करावेत. तीन, त्यांना एका वेळी एकच काम लेखी देण्यात येईल. काम : टेपेचे शून्य टोक धरून उभे राहणे. मुदत : पुढील आदेश होईपर्यंत. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं, मोजणीच्या वेळी दाखवलेली एकाग्रता पाहता त्यांची सेवा आजपासून कायम करण्यात येत आहे.

"मला हे नको होतं," प्रणिता म्हणाली. "साहेबांना सांगा, मला त्यांच्यातच बसायचं होतं. फक्त जरा कडेला."

"सांगतो," शिपाई म्हणाला. सायकल वळवून तो गेला. दहा मिनिटं तो दिसत होता.

दुपारी आईचा फोन आला. प्रणिताने टोक डाव्या हातात घेतलं.

"काय गं, लागला का निकाल?"

"कायम झाले, आई."

"देव पावला बाई! मी साखर ठेवते देवापुढे. आता तरी नीट बस हो जागेवर."

"हो."

फोन ठेवल्यावर तिच्या डोळ्यांपुढे देवापुढची वाटी आली, वाटीतली साखर, साखरेला लागणाऱ्या मुंग्या. आणि ती एक वीत मागे सरकली. टेबल नाही, ती सरकली. दगडही तिच्याबरोबर आले, नव्या जागी आधीपासून रोवल्यासारखे. मागची भिंत तेवढीच मागे गेली. हातातली टेप ताठ झाली.

प्रणिता घाबरली. तिने शून्याकडे डोळे लावले, सकाळी लावले होते तसे. पण त्या टोकाला जेवणाची सुट्टी झाली होती. डबे उघडल्याचा आवाज तिच्यापर्यंत आला आणि मग सगळे हसले. कशावर हसले असतील, असं तिच्या मनात आलंच. आणखी एक वीत. टेप इतकी ताणली गेली की थरथरायला लागली आणि प्रणिताच्या हातात झिणझिण्या आल्या.

"मंदाताई!" तिने पोटातून हाक मारली. "मंदाताई, टेबल धरा हो जरा! टेप तुटेल!"

त्या टोकाला कुणीतरी उठून टेबलापाशी वाकलं, तिळाएवढं. साडीचा रंग मोरपंखी वाटत होता. मग टेप एकदम सैल पडली.

प्रणिताने टेप ओढायला सुरुवात केली. एकेक हात, सावकाश, जोड कुठे सुटणार नाही याची काळजी घेत. पहिली टेप आली, मग दुसरी, मग तिसरी. तिच्या पायांपाशी वेटोळी साठत गेली. अडतीस टेपा ओढून होईपर्यंत तिच्या मनात दुसरा एकही विचार आला नाही आणि ती एक वीतसुद्धा सरकली नाही. शेवटचं टोक फरशीवरून घसटत आलं. त्याला लाल नाडी होती. ती तुटलेली नव्हती. गाठ नीट सोडवलेली होती.

तिने ते टोकही उचललं. एका हातात शून्य, दुसऱ्या हातात हे, असं धरून ती दगडांच्या मधोमध सरळ उभी राहिली.